एकशे अठ्ठावन्न किलो सूत

सॉफ्टवेअर विकायला आलेल्या तिघांनीही आम्हाला खुर्चीच दाखवली. चार पाय, एक बैठक, एक पाठ, सोळा स्क्रू. बटण दाबले की पडद्यावर उमटायचे की पन्नास खुर्च्यांना दोनशे पाय लागतील. हा हिशेब चौथीतले पोर तोंडी करते. तिसऱ्याला मी मध्येच थांबवले. म्हटले, आमच्याकडे टॉवेल निघतात, टॉवेलला पाय नसतात, तुम्ही टॉवेल करून दाखवा. तो समजूतदारपणे हसला आणि म्हणाला, तत्त्व एकच असते सर. त्याच क्षणी त्याला चहा पाजून वाटेला लावायला हवे होते. मी तसे केले नाही. त्याच्या नावापुढे गुण मांडत बसलो.

सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब पाहतो. चोवीस माग आहेत. सूत बाहेरगावच्या गिरणीतून येते, त्यातले काही रंगवायला बाहेर जाते आणि परत येते, मग बीम म्हणजे उभे धागे गुंडाळलेला मोठा रूळ, माग, कटाई, शिलाई आणि शेवटी डझनाचे गठ्ठे. थोरल्या शेठजींचे गुडघे गेल्यापासून कारभार त्यांच्या मुलाकडे आहे. सगळे त्यांना धाकटे शेठ म्हणतात. ते पुण्याला शिकून आलेले, हुशार आणि मेहनती आहेत, पण आपला कारखाना अजून वहीवर चालतो याची त्यांना लाज वाटायची. माल कुठे किती पडलाय ते मला मोबाईलवर दिसले पाहिजे, असे ते एक दिवस म्हणाले आणि तीन कंपन्यांची तुलना करण्याचे काम माझ्याकडे आले.

हे काम माझ्या स्वभावाचे होते. घरी मिक्सर घ्यायचा होता तेव्हा मी चार दुकानांच्या किमती, हमीची वर्षे आणि भांड्यांची मापे एका कागदावर उतरवली होती. तो कागद बायकोने पाहुण्यांना दाखवायला अजून जपून ठेवला आहे. इथे तर एकतीस प्रश्न झाले. किलोत आलेला माल डझनात विकला तर मधले रूपांतर कोण करणार? रंगाऱ्याकडे गेलेले सूत आमच्या साठ्यात दिसणार की नाही? मागावर अर्धा विणलेला बीम कुठे धरायचा? वीज गेली तर काय? उद्या आम्ही हे सोडून दुसरे घेतले तर आमची माहिती आमच्या हातात मिळेल का? या शेवटच्या प्रश्नावर एकजण म्हणाला, सोडाल कशाला सर? मी त्याला शून्य गुण दिले.

किमतीचे तर विचारूच नका. पहिल्या भेटीत किंमत कुणी सांगत नाही. आधी तुमची गरज समजून घेऊ म्हणतात. दुसऱ्या भेटीत म्हणतात, तुमच्यासारख्या लहान-मध्यम उद्योगांसाठी आमची खास योजना आहे. त्या खास योजनेत काय नाही, ते मात्र पैसे भरल्यावर कळते. भाजीवालीसुद्धा पाटीला हात लावायच्या आधी भाव सांगते. या लोकांच्या कोटाच्या खिशात आमच्या वार्षिक उलाढालीचा आकडा आधीपासून असतो आणि स्वतःचा भाव मात्र गुपित. हा व्यापार नव्हे.

असो. शंभरपैकी अठ्ठावन्न, त्र्याहत्तर आणि सहासष्ट असे गुण पडले. त्र्याहत्तरवाले आम्ही घेतले. शिफारस माझी, खाली सही माझी. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे आणि त्यात स्वतःला वगळायचा माझा विचार नाही.

आमचे गोदाम सांभाळणारे गृहस्थ सव्वीस वर्षे त्याच कामावर आहेत. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घराण्यातले, घरी तेलुगू बोलणारे. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा साठा नगावर ठेवत. इतक्या बोऱ्या, इतके सुटे कोन, इतके अर्धे कोन. कोन म्हणजे पुठ्ठ्याच्या निमुळत्या नळीवर गुंडाळलेले सूत. सॉफ्टवेअर बसवायच्या वेळी मी ठरवले की यापुढे साठा किलोवर धरायचा. टॉवेलचा भाव वजनावर, सुताची खरेदी वजनावर, मग साठा तेवढा नगावर कशासाठी? मामा एवढेच म्हणाले, "कोनवर ठेवा की दिवाणजी, वजनावर नको." मी कारण विचारले नाही. जुन्या माणसाला नवे नको असते, असे मनाशी म्हटले आणि पुढे गेलो. तिन्ही कंपन्यांनी दाखवायला आणलेल्या त्या खुर्च्या पाहायला मी मामांना एकदाही बोलावले नव्हते. धाकट्या शेठच्या केबिनमध्ये बसायला जागा कमी होती, हे त्याचे कारण.

साठ्याची पहिली मोजणी करायची तर माग बंद हवेत. चालू मागावरचे सूत कुणाला मोजता येत नाही. आणि आमच्याकडे सगळे माग एकदम थांबतात ते नारळी पौर्णिमेला. त्या दिवशी पूर्व भागात रथ निघतो, कारखान्यांना दोन दिवस सुट्टी असते. म्हणून आम्ही त्या दोन दिवसांत सगळे सूत वजन करून संगणकात भरले. बाहेर श्रावणातली झिमझिम होती, गोदामाच्या भिंतींना ओल होती. मी, मामा आणि दोन हमाल. मामांनी स्वतःच्या सणाचा दिवस त्यात घालवला. त्यांच्या नावाचे खाते मीच संगणकात उघडले आणि कंपनीने शिकवले तसे त्यापुढे 'साठ्यास जबाबदार' हा रकाना भरला.

पुढचे आठ-नऊ महिने सगळे ठीक चालले. धाकटे शेठ मोबाईलवर साठा पाहून खूश व्हायचे. मे महिन्यात लग्नसराईमुळे निम्मे कामगार गावाला गेले. चार दिवस माग उभेच राहणार होते, तेव्हा शेठनी फेरमोजणी काढली. कंपनीच्या प्रशिक्षकाने त्यांना सांगितले होते की बोरीवरच्या छापील वजनावर विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक किलो काट्यावरून गेला पाहिजे. तसे झाले. पाच-पाच बोऱ्या एकदम काट्यावर, सुटे रंगीत कोन टोपल्यांतून. बेरीज केली. संगणकात होते तीन हजार आठशे साठ किलो. काट्यावर भरले तीन हजार सातशे दोन.

एकशे अठ्ठावन्न किलो कमी. पडद्यावर तो आकडा लाल रंगात आला आणि त्याच्यासमोर मामांचे नाव.

धाकटे शेठ ओरडले नाहीत. त्यांनी मामांना बोलावून मोबाईल पुढे धरला आणि हे काय आहे, असे विचारले. मामांना इंग्रजी वाचता येत नाही. ते आकडा बघत राहिले. मग म्हणाले, गोदामाची किल्ली माझ्याशिवाय कुणाकडे नसते, आणि मी एक कोन बाहेर नेलेला नाही. शेठ म्हणाले की मी तुम्हाला काही म्हणत नाहीये, पण चौकशी होईपर्यंत येऊ नका, किल्ली दिवाणजींकडे द्या. मामांनी कमरेची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. माझ्याकडे पाहिले नाही.

'मी तुम्हाला काही म्हणत नाहीये.' या वाक्याचा मला आजही संताप येतो. माणसाची किल्ली काढून घ्यायची आणि वर आपण काही म्हटले नाही म्हणायचे. आमच्याकडे गोदामवाल्याची किल्ली गेली, ही बातमी संध्याकाळपर्यंत पूर्व भागातल्या प्रत्येक कारखान्यात पोचते. तिथे प्रत्येकाचा कुणी ना कुणी मागावर असतो. ज्याच्या नावावर तूट लागली, त्याला दुसरे गोदाम कुणी देत नाही, आणि साठीला टेकलेल्या माणसाला तर नाहीच. चौकशी लांबली असती तरी तिचा निकाल लागल्यासारखाच होता. आणि चौकशी करायची कुणी? तर मी.

पहिले दोन दिवस मी चुका शोधल्या. नऊ महिन्यांच्या आवक-जावक पावत्या संगणकाशी ताडून पाहिल्या. तीन चुका सापडल्या, तिन्ही माझ्या, आणि तिन्ही मिळून साडेचार किलोंच्या. त्याही उलटसुलट, म्हणजे निव्वळ फरक अर्ध्या किलोचा. मग कंपनीला फोन लावला. आधी एक ध्वनिमुद्रित बाई माझ्या कॉलचे महत्त्व सांगत राहिली. नंतर एक तरुण आला. त्याने माझी तक्रार ऐकली, त्याच्याकडच्या पडद्यावर पाहिले आणि म्हणाला, सर, सिस्टिम बरोबर दाखवतेय, तुमचा प्रत्यक्ष माल कमी आहे. मी म्हटले, ते मलाही दिसतेय, का कमी आहे ते सांगा. तो म्हणाला, ते तुमच्या साइटवर चेक करावे लागेल. मग तक्रार सोडवली असा संदेश मोबाईलवर आला आणि पाच ताऱ्यांपैकी किती द्याल, असे विचारले. सव्वीस वर्षांची नोकरी टांगणीला लागली होती आणि मला तारे विचारत होते.

उत्तर मिळाले ते पत्रिका वाटण्याच्या निमित्ताने. माझा मेहुणा दुधनीला आडत दुकान चालवतो. तुरीचा व्यापार. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तो रविवारी घरी आला होता. माझे तोंड पाहून त्याने विचारले, बायकोने सगळी हकीकत सांगितली. कारखान्यातून किलो-किलोने सूत चोरून कोण नेणार आणि ते विकणार कुठे, असे ती त्याला विचारत होती. तो ताटातली शेवयांची खीर संपवत निवांत ऐकत होता. मग म्हणाला,

"दाजी, पयली मोजणी कवा केलती?"

मी म्हटले, श्रावणात.

"आन दुसरी?"

मे महिन्यात.

"मग? आमची तूर मार्चात घेतली आन मेमदी तोलली तर कमी भरती. सगळ्या आडतीत म्हायती हाय. वाळवणीची घट धरल्याशिवाय कोण पोतं घेत न्हाय. तुमचं सूत काय लोखंडाचं हाय व्हय?"

बायको हसली. मला हसू आले नाही. माझ्या डोळ्यासमोर आमची मागशाळा आली. मे महिन्यात तिथल्या फरशीवर रोज दोनदा पाणी मारतात. आडव्या सुताच्या कांड्या ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवतात. कोरडे सूत तुटते, म्हणून. हे मी अठरा वर्षे पाहत होतो. पाण्याच्या टँकरची बिले मीच मंजूर करत होतो. सूत हवेतली ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते, हे मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला माहीत, कांड्या भरणाऱ्या बायकांना माहीत, फरशी भिजवणाऱ्यालाही माहीत. ते माहीत नव्हते फक्त त्या तिघांना, ज्यांनी खुर्च्या दाखवल्या, आणि मला, ज्याने एकतीस प्रश्न काढले. त्या एकतीसांत हा प्रश्न नव्हता.

पण मेहुण्याच्या तुरीवर धाकटे शेठ विश्वास ठेवणार नाहीत, हे मला कळत होते. त्यांना आकडा लागतो, आणि खरे तर मलाही. सोमवारी सकाळी गोदाम उघडून मी मांडणीपुढे उभा राहिलो तेव्हा शिवलेल्या बोऱ्या दिसल्या. गिरणीतून जशा आल्या तशा, तोंडाची शिलाई न उसवलेल्या. एकतीस होत्या. प्रत्येकीवर पन्नास किलो छापलेले. त्यांच्यातून कुणी कोन काढला असेल तर शिलाई उसवल्याशिवाय काढता आला नसता, आणि गिरणीची ती शिलाई दोन रंगी दोऱ्याची असते. आमच्याकडे तसा दोरा नाही.

मी शेठना गोदामात बोलावले. आधी काट्यावर वीस किलोचे प्रमाणित वजन ठेवले. बरोबर वीस दाखवले. मग एकेक बोरी घेतली, शिलाई शेठना दाखवली, त्यांनी बोटाने चाचपून पाहिली, आणि मग काट्यावर. पहिली सत्तेचाळीस किलो नऊशे ग्रॅम. दुसरी अठ्ठेचाळीस शंभर. तिसरी अठ्ठेचाळीस. चौथ्या बोरीला शेठ म्हणाले, गिरणीनेच कमी भरले असेल. मला हे अपेक्षित होते. मामा आलेल्या प्रत्येक गाडीतल्या दोन बोऱ्या त्याच दिवशी काट्यावर घालत आणि वजन चलनाच्या मागे पेन्सिलीने लिहीत. ती सगळी चलने मी दप्तरातून काढून आणली होती. पन्नास, पन्नास शंभर, एकोणपन्नास नऊशे, पन्नास. कुठेच याहून कमी नव्हते.

शेठ मग खाली बसून चलने बघत राहिले. हमाल बोऱ्या चढवत राहिले. एकतीस बोऱ्यांचे छापील वजन पंधराशे पन्नास, काट्यावर चौदाशे अठ्ठ्याऐंशी किलो पाचशे ग्रॅम. शिवलेल्या बोऱ्यांतूनच साडेएकसष्ट किलो गेले होते. शेकडा चारला थोडे कमी. उरलेल्या सुट्या सुतावर हाच दर लावला तर जवळजवळ ब्याण्णव किलो होतात. दोन्ही मिळून एकशे त्रेपन्नच्या वर. बाकी राहिले पाच किलोंहून थोडे कमी. ते कुठे गेले ते मला सांगता येत नाही. झाडलोट, तुकडे, विणताना सुताचा फुसका हवेत उडतो तो, असे असेल. ते मला माहीत नाही आणि माहीत असल्याचे नाटक मी करणार नाही. पण पाच किलोंसाठी कुणी सव्वीस वर्षांच्या माणसाची किल्ली काढत नाही.

"ओके," शेठ म्हणाले. "मग मामांना बोलवून घ्या."

एवढेच. मला वाटले होते निदान थोडे गप्प तरी बसतील.

मामांचे घर भवानी पेठेत. मी स्कूटर लावून आत गेलो. मामा खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोच्या मांडीवर सूप होते, त्यात विड्या वळायची तेंदूची पाने. तिचे हात थांबले नाहीत. या घरी मी बऱ्याचदा आलो आहे, दारात चप्पल काढायच्या आत चहाचे पातेले चुलीवर चढलेले असायचे. त्या दिवशी कुणी उठले नाही. मी बसलो आणि बोरीचा सगळा हिशेब सांगितला. आकड्यांसकट. शेठनी बोलावले आहे, हेही सांगितले.

"मामा, तुम्हाला हे ठाऊक होतं," मी म्हटले. "वजनावर नको म्हणालात, तेव्हाच कारण का नाही सांगितलंत?"

"तुमी विचारलं कुटं?"

हे त्यांनी रागाने म्हटले नाही. मी वेळ विचारली असती आणि त्यांनी सांगितली असती, तशा सुरात ते म्हणाले.  तेवढ्यात त्यांच्या बायकोने मान वर न करता विचारले,

"च्या ठिऊ का, दिवाणजी? चोराच्या घरचा चालंल न्हवं?"

मामांनी तिला तेलुगूत काहीतरी म्हटले. तिने सुपातले पुढचे पान उचलले, चहाला उठली नाही. मी तरी कोणत्या तोंडाने पितो. मग मामांनी त्यांची अट सांगितली. ती एकच होती. त्या मशीनमध्ये त्यांच्या नावापुढे जो लाल आकडा लिहिला आहे, तो आधी निघाला पाहिजे. तो असेपर्यंत ते कारखान्याच्या दारात पाय ठेवणार नाहीत. शेठ आज आहेत, उद्या दुसरे कुणी येईल, मशीन उघडेल, त्याला काय दिसेल? त्यांचे बरोबर होते.

मला वाटले हे दोन मिनिटांचे काम आहे. कारखान्यात परतून संगणक उघडला. तूट काढून टाकता येत नव्हती. फक्त दुसरी नोंद करून ती भागवता येत होती, आणि त्या नोंदीला कारण निवडावे लागत होते. कारणे पाचच होती आणि ती आधीच ठरवलेली होती. चोरी. मोडतोड. मुदत संपली. नमुना म्हणून दिले. मोजणीतील चूक. यांपैकी एक निवडल्याशिवाय पडदा पुढे सरकत नव्हता. हवा, ओल, वाळवण यातले काही नाही. आपले लिहायला रिकामी ओळ नाही.

पुन्हा फोन. पुन्हा ती ध्वनिमुद्रित बाई. या वेळी आलेल्या मुलाला मी सांगितले की मला सहावे कारण हवे आहे, त्याचे नाव हवामान. त्याला ते मजेशीर वाटले. मग त्याने सांगितले की कारणांची यादी बदलायची सोय आहे सर, पण ती वरच्या योजनेत येते, तुमच्या योजनेत नाही. मी विचारले, तुमची लहान-मध्यम उद्योगांसाठीची खास योजना ती हीच ना? हो सर. मग लहान उद्योगात चोरी होते पण हवा बदलत नाही, असे तुमचे म्हणणे आहे का? तो म्हणाला, मी तुमचा फीडबॅक पुढे पाठवतो.

मी फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरून शेठ पाहत होते. म्हणाले, मोडतोड टाका ना, विषय संपवा. मी म्हटले, काही मोडलेले नाही, सूत जसेच्या तसे आहे. मग मुदत टाका. मी म्हटले, सुताला मुदत नसते. ते वैतागले. शब्दच आहे तो, कोण वाचतंय, असे म्हणाले. मी त्यांना म्हटले की 'साठ्यास जबाबदार' या शब्दांमुळेच एक माणूस सहा दिवस घरी बसलाय. 

पाचांत खरे कारण एकच होते. मी 'मोजणीतील चूक' निवडले. खाली विचारले, चूक कुणाची. तिथे नावे येत होती, संगणकात खाते असलेल्या प्रत्येकाची. मी माझे नाव निवडले. मोजणी किलोवर करायचे मी ठरवले, श्रावणात मी मांडली, कारण विचारायचे मी विसरलो. शेठ म्हणाले, तुमच्या नावावर एकशे अठ्ठावन्न किलोंची चूक कायमची राहील. मी म्हटले, राहू द्या, ती आहेच. बटण दाबले. मामांच्या नावापुढचा आकडा शून्य झाला आणि काळा झाला.

दुसऱ्या दिवशी मामा आले. केबिनच्या दारात थांबले. शेठ उठून पुढे आले, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सॉरी मामा, जरा गैरसमज झाला." मोकळेपणाने म्हणाले, त्यात खोटे नव्हते. मी किल्ली पुढे केली. मामांनी ती घेतली नाही. ते म्हणाले,

"तूट लिवून होती, शेठ. सॉरी तोंडी हाय."

शेठना क्षणभर कळले नाही. मला कळले. मी ती नोंद कागदावर काढली. मामांना इंग्रजी येत नाही म्हणून खाली हाताने मराठीत लिहिले: सुताचा साठा तपासला. शिवलेल्या बोऱ्यांचे वजन हवेतल्या ओलीमुळे कमी झालेले आढळले. गोदामात कोणतीही चोरी झालेली नाही. मामांचे पूर्ण नाव घातले. कागद शेठपुढे ठेवला.

ते वाचताना त्यांचा चेहरा बदलत गेला. असे लिहून देणे म्हणजे आपण चोर म्हटले होते, हे कबूल करणे. त्यांनी पेन उचलले, खाली ठेवले, वकिलांना विचारावे का असे काहीतरी पुटपुटले. मामा दारातच उभे होते. बाहेर माग चालू होते. शेवटी शेठनी सही केली. मी शिक्का मारला. मामांनी कागद घेतला, सहीवर अंगठा फिरवून शाई वाळली का पाहिले आणि घडी घातली. किल्ली उद्या घेतो, आजची रजा मांडा, असे मला सांगून ते गेले.

थोड्या वेळाने मी बँकेच्या कामाला बाहेर पडलो. फाटकासमोर चहाची टपरी आहे. पाळी बदलताना चार कारखान्यांचे लोक तिथे थांबतात. मामा अजून घरी गेले नव्हते. ते बाकावर बसले होते आणि शेजारच्या कारखान्यातला एक विणकर बोट ठेवून ठेवून तो कागद मोठ्याने वाचत होता.